रिटायर झाल्यावर गावी जायचं की मुला-नातवंडांजवळ राहायचं, हे ठरवायचं कसं

मुंबई-ठाण्यातल्या कोकणी घरांत साठी जवळ आली की हा विषय निघतोच. गावचं घर आहे, आईबाबा गेल्यापासून बंद पडलंय, पीएफ ग्रॅच्युइटीचे पैसे हातात येणार आहेत, मुलगा पुण्याला हिंजवडीत, मुलगी ठाण्यात नाहीतर थेट न्यू जर्सीला, आणि नवरा म्हणतो बस झाली आता ती लोकल, चल गावी, आणि बायको विचार करते की मग नातीला शाळेच्या बसवरून घ्यायला कोण जाणार. आम्ही दोघं रिटायर झाल्यावर डोंबिवलीतून कुडाळजवळच्या आमच्या गावी आलो, मुलगा-सून-नात तिकडेच राहिले. आजूबाजूच्या वाड्यांत असे परत आलेले बरेच चाकरमानी आहेत, काही मस्त रुळले, काही दोन-तीन वर्षांत गाशा गुंडाळून परत गेले. त्यांचं आणि आमचं जे बघितलं त्यावरून लिहितेय, तुमचं गाव देवरूख असो की दापोली, हिशोब थोडाफार तोच लागेल.

माझं मत आधीच सांगते. निर्णय तीन गोष्टींवर घ्या. मुलांच्या दारातून आपल्या दारात यायला किती तास लागतात, रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर डॉक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, आणि दोघांतलं एक गेलं तर उरलेलं माणूस तिथे एकटं राहू शकेल का. आंबे, समुद्र, चांगली हवा, मोकळी जागा हे सगळं खरं आहे आणि मला ते रोज मिळतं, पण ते या तिघांच्या नंतर.

किलोमीटर सोडा, तास मोजा

मुलाने फोन ठेवल्यापासून तो आपल्या पडवीत येईपर्यंत किती वेळ, हा आकडा काढा. बोलायला सोपं असतं की कोकणकन्या नाहीतर तुतारी रात्री पकडली की सकाळी कुडाळ. पण तिकीट? रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पर्यंत १२० दिवस आधी उघडायचं), आणि गणपतीची नि मे महिन्याची तिकिटं उघडल्या उघडल्या वेटिंगला जातात. म्हणजे अचानक निघायचं झालं तर तत्काळ, नाहीतर जनरलचा डबा, नाहीतर खासगी बस, नाहीतर स्वतःची गाडी. गाडीने यायचं तर मुंबई-गोवा हायवे. त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे, सिंधुदुर्गातला रस्ता छान झालाय पण माणगाव-इंदापूरच्या कोंडीत सुट्टीच्या दिवशी अडकलात की सगळं गणित कोसळतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाईमटेबल लागतं, गाड्या हळू चालवतात, आणि दरड आली की झालंच, जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळून ट्रॅकच बंद पडला होता. विमान म्हणाल तर चिपीचा एअरपोर्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला पण त्या फ्लाईटच्या भरवशावर म्हातारपणाचा प्लॅन करू नका, २०२३ पासून चालू असलेलं गोव्याचं मोपा जास्त कामाचं, कुडाळहून तासा-सव्वा तासात पोचता येतं.

म्हणून मुलाला सांगा, समजा मंगळवारी रात्री अकरा वाजता आमचा फोन आला, तू काय करशील, कशाने येशील, किती वाजता पोचशील, खरं खरं लिहून दे. बहुतेकांचं उत्तर दहा ते चौदा तासांत येतं. हा आकडा चालेल का ते दोघांनी ठरवा, चालत असेल तर चालतं, उगाच घाबरायचं कारण नाही, पण आकडा माहीत असला पाहिजे.

उलट बाजूही बघा, म्हणजे आपण त्यांच्याकडे जायचं. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. एसटीत पंच्याहत्तरीनंतर फुकट, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, आणि बायकांना २०२३ पासून सगळ्याच वयात अर्धं. पैसे वाचतात हे खरं, पण सत्तरीतल्या गुडघ्यांनी रात्रभर एसटीत बसून जाणं वर्षातून किती वेळा होईल ते आपलं आपल्यालाच माहीत.

मुलं परदेशात असतील तर हा हिशोब वेगळा लागतो आणि बरेच जण इथे घोळ घालतात. न्यू जर्सीहून मुंबईला यायलाच घरापासून घरापर्यंत दिवस जातो, मग तुम्ही ठाण्यात असा की कुडाळात, मुलीला पोचायला पाच-सात तास इकडेतिकडे. तेव्हा मुलीसाठी म्हणून शहरात राहण्यात फारसा अर्थ उरत नाही. तुमच्यासाठी हॉस्पिटल आणि जवळ राहणारा भाऊ-पुतण्या-भाची हे महत्त्वाचं, ते जिथे असतील तिथे राहा.

दवाखान्याचा रस्ता एकदा रात्री जाऊन बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, तालुक्याला ग्रामीण रुग्णालय, आमच्याकडे ओरोसला जिल्हा रुग्णालय, आणि मोठं काही झालं की सिंधुदुर्गातली माणसं गोव्याला बांबोळीच्या जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, धावतात. चिपळूणच्या बाजूला असाल तर डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. ही नावं सगळ्यांना पाठ असतात. पण कुठे सीटी स्कॅन रात्री चालू असतो, कुठे अँजिओप्लास्टी होते, डायलिसिसची मशीन सगळ्यात जवळ कुठे आहे हे फार थोड्यांनी विचारलेलं असतं. हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. लकव्याचा झटका आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याच्या आधी सीटी स्कॅन व्हावा लागतो, त्यामुळे कुडाळहून बांबोळी दोन तास हे ऐकायला ठीक वाटलं तरी त्यात गाडी मिळेपर्यंतचा वेळ, पाणंदीतून पेशंटला रस्त्यावर आणायचा वेळ हे सगळं मिळवा. आमच्या वाडीत कित्येक घरांपर्यंत चारचाकी येतच नाही, खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणावं लागतं, आणि चार धडधाकट माणसं वाडीत आहेत का हा प्रश्न आता हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही, कारण अर्ध्या घरांना कुलूप आहे. घरापर्यंत गाडी येईल एवढा रस्ता करून घेणं हे मी घराच्या रंगरंगोटीच्या आधी धरते.

१०८ ला फोन केल्यावर गाडी कुठून येते तेही विचारून ठेवा. फुरसं, घोणस आपल्याकडे आहेतच, तेव्हा जवळच्या केंद्रात सापाच्या विषावरचं इंजेक्शन ठेवलेलं असतं का बघा. शेतात, चिखलात काम करणार असाल तर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचं) लक्षात ठेवा, दोडामार्ग भागात माकडतापाचंही.

इन्शुरन्सचं थोडक्यात. कंपनीकडून मिळणारी पॉलिसी रिटायर होताच संपते, त्यामुळे स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत वेटिंग लागू शकतं आणि ती वर्षं नोकरीत असतानाच संपलेली बरी. पासष्टीनंतर पॉलिसी मिळतच नाही असं आता राहिलेलं नाही, पण प्रीमियम जबर. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, फक्त तुम्ही ज्या हॉस्पिटलात जाणार तिथे ते चालतं का हे आधी विचारा, पेशंट गाडीत असताना नको.

आणि एक कडक बोलते. दोघांतल्या कोणाला आत्ताच डायलिसिस चालू असेल, पार्किन्सन असेल, विसरायला होत असेल, तर लांब जाऊ नका. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिसला जायचं म्हणजे घाटातून की खाडीवरून, पावसातून की उन्हातून, ते माणूस थकून जातं आणि नेणाराही.

मे महिन्यातलं गाव बघून ठरवू नका, जुलैमध्ये राहा

मे महिन्यात घर भरलेलं असतं, नातवंडं खळ्यात खेळत असतात, फणस कापला जातोय, काजूच्या बिया भाजल्या जातायत, त्यावेळी कोणीही म्हणेल इथेच राहू या. नंतर शाळा सुरू होतात जूनच्या मध्याला आणि सगळे जातात.

जुलैमध्ये महिनाभर राहा, पूर्ण महिना, आठवडाभराने काही कळत नाही. कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. चष्म्याच्या घरावर, चपलांवर, देवघरातल्या पोथ्यांवर पांढरी बुरशी येते, ती रोज पुसायची. लाईट जाते, ती कधी तासात येते कधी दुसऱ्या दिवशी, इन्व्हर्टर दमला की फ्रिजमधलं सगळं काढून संपवायचं, आणि टॉवरची बॅटरी उतरली की मोबाईलची रेंजही जाते. आमच्याकडे अशा वेळी रेंज फक्त खळ्याच्या टोकाला गडग्याजवळ, तिथल्या फणसाखाली येते, तेवढ्याच कोपऱ्यात. नातीचा फोन संध्याकाळी सातला असतो, तर आमचे हे एका हातात छत्री आणि एका हातात फोन धरून तिथे उभे, मी बाजूला टॉर्च घेऊन, कारण अंधारात पायाखाली काय येईल सांगता येत नाही, आणि ती तिकडून ओरडते आजोबा दिसत नाही तुम्ही, नुसता पाऊस दिसतोय. आम्हाला ते आवडतं. पण ज्यांना हे आवडणार नाही, ज्यांची रोज संध्याकाळी जीव घाबरा होईल अशी अवस्था होईल, त्यांनी ते स्वतःशी मान्य करावं, त्यात कमीपणा काही नाही.

जुलैनंतरचा दुसरा महिना बघायचा तो गणपती गेल्यानंतरचा. विसर्जन झालं, मुंबईच्या गाड्या गेल्या, आणि वाडी एकदम गप्प होते. ते आठ-पंधरा दिवस ज्यांना काढता आले ते टिकतात असं माझं निरीक्षण आहे. ज्यांना काहीतरी काम असतं ते रुळतात, म्हणजे बागेचं, देवळाच्या कमिटीचं, शाळेतल्या मुलांना गणित शिकवायचं, कशाचंही. नुसता आराम करायला आलेले लवकर कंटाळतात, बायकांपेक्षा पुरुष जास्त.

घर जुनं असेल तर दरवर्षी पावसाआधी कौलं परतायची, गळती बघायची, वाळवी बघायची, आणि गडी वेळेवर मिळत नाहीत. नदीकाठी घर असेल तर पूर कुठवर येतो ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, चिपळूणने २२ जुलै २०२१ ला काय बघितलं ते सगळ्यांना आठवतं. वांदर-माकडं इतकी झालीत की भाजी लावायचं स्वप्न असेल तर आधी शेजाऱ्याच्या परसात काय उरतंय ते बघून घ्या.

नातवंडांचं काय

याचं उत्तर नातवंडाच्या वयावर आहे आणि लोक याचा विचारच करत नाहीत. दहा वर्षांपर्यंत त्याला आजी-आजोबा रोज हवे असतात. आठवी-नववीनंतर क्लास, मित्र, मोबाईल, तुम्ही शेजारच्या खोलीत असलात तरी दिवसातून दहा मिनिटं भेटेल. तेव्हा नात दीड वर्षाची आहे, सुनेची २६ आठवड्यांची रजा कधीच संपलीय, दोघंही नोकरीत आणि पाळणाघराचा जीवावर आलेला शोध चालू आहे, अशात तुम्ही जाणार असाल तर दोन-तीन वर्षं थांबायचा विचार करा, करायची इच्छा असेल तर. ती वर्षं परत येत नाहीत, तुमचीही नाहीत नि तिचीही नाहीत. आणि नात बारा-तेरा वर्षांची झाली असेल तर तिच्यासाठी म्हणून शहरात अडकून राहण्यात काही अर्थ नाही.

इच्छा असेल तर हे मुद्दाम लिहिलं. काही आज्यांना खरंच नको असतं, चाळीस वर्षं नोकरी आणि घर करून त्या थकलेल्या असतात, पण तोंडाने म्हणत नाहीत, मग गावी जायचं निमित्त पुढे करतात आणि सुनेला वाटतं आम्हाला टाकून गेल्या. त्यापेक्षा स्पष्ट बोला की मला रोजचं सांभाळणं झेपणार नाही, आठवड्यातून दोन दिवस झेपेल, किंवा पाळणाघराचे निम्मे पैसे आम्ही देतो. अंतराने नाती तुटत नाहीत, पण हे असं मनात ठेवलेलं वर्षानुवर्षं कुजतं.

लांब जायचं ठरलं तर नातवंडाशी संबंध ठेवायला दोन गोष्टी मी सांगेन. फोनची वेळ ठरलेली असू द्या, आणि फोनवर नुसतं जेवलीस का अभ्यास केलास का विचारू नका, पोराला दोन मिनिटांत कंटाळा येतो. काहीतरी चालू ठेवा. आमची नात नि आजोबा क्रमशः गोष्ट बनवतात, एक दिवस ती पुढे नेते एक दिवस ते. आणि दुसरं म्हणजे गावच्या घरात तिचं स्वतःचं काहीतरी असू द्या, तिने लावलेलं कलम, तिची ताटली, तिचा कप्पा. पाहुणी म्हणून आलेलं मूल चौथ्या दिवशी वायफाय मागतं, स्वतःचं घर समजून आलेलं मूल आल्या आल्या आपलं झाड किती वाढलं ते बघायला पळतं.

मुलांशी बोलताना

तुम्ही खूश असाल तर आमची काहीच हरकत नाही, हे मुलांचं ठरलेलं वाक्य. हे उत्तर नाही, ते प्रेमाने म्हणतात पण त्यातून काही कळत नाही. नेमकं विचारा. बाबा ॲडमिट झाले तर पहिला कोण येणार आणि किती दिवस रजा मिळते? वर्षातून किती वेळा येणार, गणपती आणि मे सोडून? बहीण-भाऊ दोघं असाल तर खर्च आणि धावपळ कशी वाटून घेणार? सुनेला, जावयालाही समोर बसवा, त्यांना वगळून ठरवलेलं नंतर त्यांनाच निभवावं लागतं. आणि गावात कोणी पुतण्या, चुलतभाऊ आहे म्हणून त्याच्यावर सोडायचं असेल तर त्यालाही आधी विचारा. आमच्या शेजारचा मुलगा आम्हाला म्हणतो, काकी, काय व्हया ता हक्काने सांगा. तो खरंच धावून येतो, पण त्याचंही घर आहे, त्याचेही आईबाप आहेत.

एकटं राहायची वेळ आली तर

हे बोलायला कोणालाच नको असतं. संध्याकाळी चहा पिताना दोघांनी बोलून टाका. ते गेल्यावर मला इथे राहता येईल का, मी गेल्यावर ह्यांना राहता येईल का. गाडी फक्त एकालाच चालवता येते का? बँकेचं, मोबाईलवरच्या पैशाचं, महावितरणच्या बिलाचं फक्त एकालाच कळतं का? स्वयंपाक फक्त एकालाच येतो का? तीनही प्रश्नांना हो आलं तर गावी जायच्या आधीचं वर्ष हे शिकण्यात घाला. साठीत स्कूटर शिकलेल्या बायका मी इकडे बघितल्यात, आणि डाळ-भात-भाजी नीट करणारे आजोबाही. ज्या घरात हे होणारच नाही असं दिसतंय त्यांनी वाडीतल्या घराऐवजी कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी अशा गावात स्टेशनजवळ फ्लॅट बघावा, लिफ्ट, शेजार, मेडिकल खाली, आणि वाडीतल्या घरी मनात येईल तेव्हा जाता येतं.

मधला रस्ता आणखीही आहे. पाऊस मुलांकडे, बाकीचे महिने गावी, असं करणारे पुष्कळ आहेत आणि सत्तरीपर्यंत ते छान चालतं. नाहीतर अलिबागच्या बाजूला बघा, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो तासाभरात जाते, मुलं शनिवारी सकाळी येऊन रविवारी परत जाऊ शकतात, फक्त जागेचे भाव ऐकून दम लागतो.

फ्लॅट आणि कागद

शहरातला फ्लॅट पहिलं वर्षभर तरी विकू नका. मी तर दोन वर्षं म्हणेन. परतीची वाट उघडी असली की माणूस गावात जास्त मोकळेपणाने राहतो. मुलगा तिथे राहणार असेल तर उत्तम, सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावतात ते) घेता येत नाहीत. भाड्याने दिलात तर सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतात, त्याहून जास्त मागितले तर भांडा. मुलांच्या नावावर जिवंतपणी बक्षीसपत्र करू नका, मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर आम्हाला सांभाळण्याच्या अटीवर दिलंय असं त्यात लिहून घ्या, मुलांनी सांभाळलं नाही तर ते रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ चा आधार मग मिळू शकतो.

गावच्या घराचं तर आधी कागदच बघा. सातबारा सामायिक आहे का, ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर घर कोणाच्या नावावर आहे, चुलत्यांचा हिस्सा किती. दहा लाख घालून घर दुरुस्त केलं आणि मग भाऊबंद उठले, हे कोकणात नवीन नाही. वाटणी कागदावर झाल्याशिवाय चिरा लावू नका. पैशाचं म्हणाल तर रोजचा खर्च गावी कमी होतो, दुरुस्ती आणि प्रवास वाढतो, तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत (मर्यादा आता माणशी ३० लाख, व्याज तिमाहीला येतं) घालताना हॉस्पिटल आणि अचानक प्रवासासाठी वेगळी रक्कम हाताशी ठेवा, सगळं अडकवू नका. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाईलवरून देता येतो, त्यासाठी मुंबईला जायची गरज नाही.

परत कधी जायचं हेही आत्ताच ठरवा

जाताना सगळे उत्साहात असतात, परतायचं मात्र कोणीच ठरवत नाही, आणि मग वेळ येते तेव्हा हट्ट होतो. आम्ही चार खुणा लिहून ठेवल्यात. गाडी चालवणं बंद झालं, एका वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, औषधांच्या वेळा चुकायला लागल्या, किंवा सकाळचंच संध्याकाळी खाऊन दिवस ढकलला जायला लागला, यातलं काहीही दोन झालं की मुलांकडे नाहीतर त्यांच्याजवळ जायचं, वाद नाही. अडचण एवढीच की या खुणा स्वतःला दिसत नाहीत आणि फोनवर आपण सगळं बरं आहे म्हणतो. म्हणून शेजारच्याला मुलाचा नि सुनेचा नंबर देऊन ठेवा आणि सांगून ठेवा की आम्ही काहीही म्हणालो तरी तुला वेगळं दिसलं तर आम्हाला न विचारता त्यांना फोन कर. आणि मुलाला सांगा की तसा फोन आला तर आधी आम्हाला विचारत बसू नको, त्याच्यावर विश्वास ठेव आणि तिकीट काढ.